गृहकर्जाचं ओव्हरड्राफ्ट खातं: जवळजवळ वर्षभराच्या वापरानंतर

गृहकर्ज साधं घ्यावं की ओव्हरड्राफ्टवालं, म्हणजे ज्यात जास्तीचे पैसे ठेवून व्याज कमी करता येतं आणि लागले की ते काढता येतात असं, हे मला हल्ली वरचेवर विचारलं जातं. माझं खातं ओव्हरड्राफ्टचं आहे. २०२४ च्या अखेरीस घेतलं, म्हणजे वर्ष होत आलंय, आणि मी त्यावर खूश आहे. तरीही ‘डोळे झाकून घ्या’ असं मी कुणाला सांगणार नाही. ज्याच्या हातात मोठी रक्कम अधूनमधून पडून असते त्याच्यासाठी हे खातं सोन्यासारखं आहे. ज्याचा पगार पाच तारखेला येतो आणि पंचवीस तारखेला संपतो, त्याच्यासाठी हा साध्या कर्जापेक्षा पाव टक्का जास्त व्याजाचा निव्वळ भुर्दंड आहे.

आधी आकडे. ५० लाखांचं कर्ज, २० वर्षं, ९ टक्के व्याज. हप्ता येतो ४४,९८६ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले ३७,५०० व्याजात जातात, मुद्दल फिटतं ७,४८६ रुपयांचं. पाच वर्षांत आपण जवळपास २७ लाख भरतो आणि मुद्दल उतरतं साडेपाच-पावणेसहा लाखांनी. दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर व्याज लागतं आणि सुरुवातीला मुद्दलच सगळ्यात मोठं असतं, म्हणून हे होतं. बँकेची यात काही चलाखी नाही. पण याचा अर्थ असा की कर्ज स्वस्त पडणार की महाग, हे पहिल्या सात-आठ वर्षांत ठरतं. त्या काळात मुद्दलावर टाकलेला एक रुपया पंधराव्या वर्षी टाकलेल्या रुपयापेक्षा कितीतरी जास्त काम करतो.

साध्या कर्जात तो रुपया टाकायचा तर पार्ट पेमेंट करावं लागतं, आणि एकदा भरलेले पैसे परत मिळत नाहीत. ओव्हरड्राफ्टमध्ये ते पैसे कर्जखात्यात नुसते ठेवायचे. जितके दिवस ते तिथे आहेत तितके दिवस तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि गरज पडली की काढून घेता येतात. आकारणी रोजच्या शिल्लकीवर होते, त्यामुळे आठ दिवस ठेवले तरी आठ दिवसांचा फायदा मिळतो.

माझं उत्पन्न पगारी नाही. कामाचे पैसे तीन-चार महिन्यांनी एकदम येतात. त्यातला जीएसटीचा भाग पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत माझ्याकडे असतो आणि अ‍ॅडव्हान्स टॅक्सचे पैसे १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च या तारखांची वाट बघत बसतात. हे पैसे माझे नाहीतच, सरकारचे आहेत, पण भरायची वेळ येईपर्यंत ते माझ्या घराच्या कर्जावरचं व्याज खाली ठेवतात. पूर्वी हीच रक्कम बचत खात्यात अडीच टक्क्यांवर पडून असायची. शिवाय अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेली रक्कमही मी इथेच आणली.

आता उतारा कसा वाचायचा ते, कारण पहिल्यांदा बघणाऱ्याचा इथेच गोंधळ होतो. एका महिन्याचा माझा उतारा असा आहे. मंजूर मर्यादा ५०,००,०००. ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या महिन्यात जास्तीत जास्त जितकं कर्ज उचललेलं असू शकतं ती रक्कम (बँकेतले लोक तिला ‘डीपी’ म्हणतात), ४९,२०,००० च्या आसपास. खात्याची शिल्लक उणे ४१,२०,०००. डीपी आणि शिल्लक यांतला फरक ८ लाख, आणि तेवढे माझे काढता येण्याजोगे पैसे. दर तेव्हा ८ टक्के होता. तीस दिवसांचं व्याज लागलं सुमारे २७,०९०. हे ८ लाख तिथे नसते तर लागलं असतं ३२,३५०. म्हणजे एका महिन्यात ५,२६० रुपये वाचले, आणि या वाचलेल्या पैशांवर आयकर नाही, कारण ते उत्पन्नच नव्हे.

डीपी दर महिन्याला ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे खाली येत जाते. तुम्ही जास्तीचे पैसे ठेवलेत म्हणून ती लवकर उतरत नाही. वाचलेलं व्याज ‘उपलब्ध शिल्लक’ म्हणून साठत राहतं. ही गोष्ट नीट समजून घ्या. साध्या कर्जात पार्ट पेमेंट केलं की मुदत घटल्याचं कागदावर दिसतं. इथे मुदत २० वर्षंच दिसते, फक्त उपलब्ध शिल्लक फुगत जाते आणि एक दिवस ती सगळ्या देण्याइतकी होते. ज्याला कर्ज उतरताना डोळ्यांनी दिसलं की हुरूप येतो, त्याला हे खातं थोडं निराश करेल.

आता त्या पाव टक्क्याचा हिशोब. मला साधं कर्ज जितक्याला मिळत होतं त्यापेक्षा ओव्हरड्राफ्टचा दर पाव टक्का जास्त होता. ५० लाखांवर पाव टक्का म्हणजे वर्षाला १२,५००. समजा ओव्हरड्राफ्ट ८ टक्क्यांनी आहे आणि हेच पैसे एरवी अडीच टक्क्यांच्या बचत खात्यात राहिले असते. मग वर्षभर सरासरी सव्वादोन लाख पडून राहिले तर कुठे बरोबरी होते. एरवी साडेसहा टक्क्यांची एफडी केली असती आणि तुम्ही तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल, तर ही रक्कम साडेतीन लाखांच्या वर जाते. यापेक्षा कमी शिल्लक राहणार असेल तर साधं कर्ज घ्या आणि जमेल तेव्हा पार्ट पेमेंट करा. वैयक्तिक फ्लोटिंग (बदलत्या दराच्या) गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, त्यामुळे तो रस्ता मोकळाच आहे.

आणि खात्याला डेबिट कार्ड, यूपीआय जोडू नका. मी फक्त नेट बँकिंग ठेवलंय. आठ लाख ‘उपलब्ध’ दिसत असताना नवी गाडी फार स्वस्त वाटायला लागते.

आता दराबद्दल सविस्तर लिहिते, कारण तुलना करायला माझ्या घरातच उदाहरण आहे. ताईने त्याच सुमारास जवळपास तेवढंच कर्ज एका गृहवित्त कंपनीकडून घेतलं. साधं, हप्त्याचं. माझं कर्ज बँकेचं, रेपोशी, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचे पैसे देते त्या दराशी जोडलेलं. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या मापदंडाशी जोडणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं, आणि बहुतेक बँकांनी रेपो निवडला. तीन महिन्यांतून किमान एकदा व्याजदर त्या मापदंडाप्रमाणे नव्याने ठरवलाच पाहिजे, असाही नियम आहे. गृहवित्त कंपन्यांना हा मापदंडाचा नियम लागू नाही. त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या प्राइम लेंडिंग रेटशी जोडलेला असतो आणि तो कधी, किती हलवायचा हे कंपनी ठरवते.

फरक लगेच दिसला. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.५० वर आला. माझा दर ९ वरून टप्प्याटप्प्याने ८ वर आला, त्यासाठी मला एक फोनही करावा लागला नाही. ताईचा दर उशिरा आणि निम्माच उतरला. चौकशी केली तर ‘कन्व्हर्जन फी भरा, नव्या ग्राहकांचा दर लावून देतो’ असं उत्तर मिळालं. फी भरूनही तिचा फायदाच होता, म्हणून तिने भरली. पण जुन्या ग्राहकाला हे आपणहून कुणी सांगत नाही याचा मला मनापासून राग येतो. वर्षातून एकदा आपल्या कर्जाचा दर आणि तिथेच नव्या ग्राहकाला मिळणारा दर ताडून बघा. नाहीच ऐकलं तर कर्ज दुसरीकडे हलवण्याचा पर्याय असतो, आणि नुसता त्याचा उल्लेख केला तरी बोलणं बदलतं.

यानंतरचा मुद्दा ओव्हरड्राफ्ट असो वा साधं कर्ज, सगळ्यांनाच लागू आहे. दर उतरल्यावर हप्ता कमी करून दिला की आपल्याला बरं वाटतं. ताईच्या बाबतीत तेच झालं. वरचंच ५० लाखांचं उदाहरण घेऊ. दर ९ वरून ८ झाला तर हप्ता ४४,९८६ वरून ४१,८२२ होतो. महिन्याला ३,१६४ रुपये हातात राहतात. पण हप्ता जुनाच ठेवला तर कर्ज २० वर्षांऐवजी १७ वर्षांत फिटतं आणि एकूण व्याजात जवळजवळ ९ लाखांचा फरक पडतो. ताईने ईमेल करून हप्ता पूर्ववत करून घेतला. झेपत असेल तर प्रत्येकाने हेच करावं असं माझं ठाम मत आहे.

दर चढतो तेव्हा उलटं होतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५० वर गेला. ज्यांनी त्याआधी साडेसहा टक्क्यांनी २० वर्षांचं ५० लाखांचं कर्ज घेतलं होतं, त्यांचा हप्ता होता ३७,२७९. दर ९ वर पोचला तेव्हा ५० लाखांवरचं महिन्याचं नुसतं व्याजच ३७,५०० होतं! हप्ता तोच ठेवून मुदत वाढवत राहिलं असतं तर मुद्दल फिटणं बाजूलाच, काहींचं वाढलंच असतं. म्हणूनच ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यायचा, आणि दर तिमाहीला उतारा द्यायचा ज्यात आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर लिहिलेला असेल. हा उतारा येतो तेव्हा ‘उरलेले हप्ते’ हा एकच आकडा मागच्या तिमाहीशी जुळवून बघा. तीनने कमी व्हायला हवा. तो वाढला असेल तर त्याच दिवशी शाखेत जा.

मुळात आपल्याकडे वीस वर्षांचा पक्का दर सहजासहजी का मिळत नाही? बँकेकडे येणारे पैसे ठेवींचे, आणि त्या एक-दोन-पाच वर्षांच्या. त्यातून वीस वर्षांचं कर्ज द्यायचं तर दर वर गेल्यावर ठेवीदाराला जास्त व्याज द्यावं लागणार आणि कर्जदाराकडून मात्र जुनंच येणार. हा धोका बँक स्वतःवर घेत नाही, फ्लोटिंग दराने आपल्यावर टाकते. अमेरिकेत तीस वर्षांचा स्थिर दर सर्रास मिळतो, कारण तिथे फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या सरकारी पाठबळाच्या संस्था बँकांकडून कर्जं विकत घेतात आणि पुढे रोखे करून गुंतवणूकदारांना विकतात. आपल्याकडे धोका आपल्याच अंगावर आहे, म्हणून हातात शिल्लक असणं जास्त महत्त्वाचं, आणि म्हणूनच मला हे ओव्हरड्राफ्टचं खातं आवडलं. दर चढले तर मी अजून पैसे त्यात लोटू शकते.

मंजुरीच्या वेळची एक गोष्ट सांगायलाच हवी. सह्या करायला बसले तर कागदांत विम्याचा फॉर्म होता. एकरकमी प्रीमियम दीड लाख, तोही कर्जातच मिळवलेला. एजंट म्हणाले, “मॅडम, सगळेच घेतात. विमा असला की फाइल पटकन पुढे सरकते.” मी म्हटलं, “सक्तीचा आहे असं बँकेच्या लेटरहेडवर लिहून द्या, लगेच सही करते.” ते आत गेले, थोड्या वेळाने आले आणि तो फॉर्म गठ्ठ्यातून काढून घेतला. फाइल काही अडली नाही. दीड लाख ९ टक्क्यांनी वीस वर्षं कर्जात बसले असते तर महिन्याला १,३५०, म्हणजे एकूण सव्वातीन लाखांच्या जवळ गेले असते. कर्ज असलेल्या माणसाला विमा हवाच, त्यात दुमत नाही. पण तो साधा टर्म विमा स्वतंत्रपणे घ्या. तो कर्ज दुसरीकडे हलवलं तरी तुमच्याबरोबर राहतो.

ताईच्या फाइलमध्ये ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ होतं. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या किरकोळ (रिटेल) मुदत कर्जांना ते बंधनकारक आहे. त्यात प्रोसेसिंग फी, वकिलाची फी, विमा वगैरे धरून खरा वार्षिक खर्च टक्क्यांत दिलेला असतो. दोन ठिकाणांची तुलना करायची तर जाहिरातीतला दर सोडा आणि हा आकडा शेजारी-शेजारी ठेवा.

कर बचतीसाठी ओव्हरड्राफ्ट घेत असाल तर नका घेऊ. व्याजच कमी लागलं की वजावटही कमी, आणि नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट तशीही मिळत नाही.

खाते बंद करण्याबद्दल शाखेत कुणी आपणहून बोलत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. समजा तुमची शिल्लक शून्यावर आली, व्याज लागणं थांबलं. तरी कर्ज संपलेलं नसतं. मर्यादा चालू असते, घर गहाणच असतं. खातं बंद करण्याचा लेखी अर्ज द्यावा लागतो, आणि पोच घ्यावी लागते. पूर्ण फेड झाल्यावर तीस दिवसांत मूळ कागदपत्रं परत करणं आणि बोजा उतरवणं १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. पण अर्जच दिला नसेल तर ते तीस दिवस मोजायचे कुठून? कागद हातात आल्यावर सेरसाईच्या, म्हणजे गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीच्या, नोंदीत गहाण संपल्याचं दिसतंय का ते बघा, आणि फ्लॅट असेल तर सोसायटीच्या दप्तरातला बोजाही बँकेचं पत्र देऊन काढून घ्या.