क्लायंटचं काम पोर्टफोलिओत: नावासकट, झाकून, मागेल त्यालाच की नवंच करून?

क्लायंटसाठी केलेलं काम पोर्टफोलिओत चार प्रकारे येऊ शकतं. परवानगी घेऊन नावासकट, नाव आणि आकडे झाकून, जाहीर न करता मागेल त्यालाच, किंवा ते बाजूला ठेवून स्वतः केलेले नमुने लावून. कोणता प्रकार घ्यायचा हे दोन गोष्टींवर ठरतं: कॉपीराइट कोणाकडे आहे, आणि काय गुप्त ठेवायचं कबूल केलं आहे. बहुतेक भांडणं या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे होतात.

आधी हक्काचं

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात (कलम १७) पहिला मालक म्हणजे ज्याने काम निर्माण केलं तो. नोकरीत केलेलं काम कंपनीचं, पण फ्रीलान्सर नोकर नसतो. त्यामुळे करारात वेगळं काही नसेल, तर मजकूर, कोड यांचा कॉपीराइट सहसा त्याच्याकडेच राहतो. बिल चुकतं झालं म्हणून तो क्लायंटकडे जात नाही; कलम १९ प्रमाणे त्यासाठी लेखी, सहीचं हस्तांतरण लागतं.

फोटोग्राफर आणि व्हिडिओवाल्यांचं मात्र उलट आहे. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेला फोटो, रंगवलेलं चित्र, पोर्ट्रेट किंवा फिल्म यांचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे असतील तर बुकिंगच्या कागदावर तशी ओळ हवीच. 'सगळेच टाकतात' हे उत्तर नव्हे.

हक्क लिहून दिले असले, तरी हे काम आपण केलं असं म्हणण्याचा लेखकाचा हक्क कलम ५७ खाली उरतो. पण 'हे मी केलं' असं सांगणं वेगळं आणि त्या कामाची प्रत आपल्या साइटवर लावणं वेगळं. शिवाय गोपनीयता करार असेल तर कॉपीराइट तुमचा असूनही हात बांधलेले असतात. काही करारांत क्लायंटचं नाव घेणंही वर्ज्य असतं. अमेरिकन क्लायंटच्या करारात 'वर्क मेड फॉर हायर' (काम पहिल्यापासून क्लायंटच्याच मालकीचं) आणि पाठोपाठ हस्तांतरणाचं कलम बहुधा असतंच. सही करण्यापूर्वी त्यात पोर्टफोलिओची एक ओळ घालून मागा.

नावासकट, परवानगीने

यात विश्वास सर्वांत जास्त बसतो, कारण बघणारा चालू साइटवर जाऊन पडताळू शकतो. परवानगी मागायची योग्य वेळ कोटेशनची. काम संपल्यावर मागितली तर क्लायंटला ते नवीन काम वाटतं आणि मेल पडून राहतो.

परवानगी लेखी घ्या. फोनवरचं 'टाका की' कामाचं नाही. कंपनीच्या पत्त्यावरून आलेला मेल सहसा पुरतो, पण तो पाठवणाऱ्याला तसा अधिकार हवा. तुमच्यावर खूश असलेला मार्केटिंगचा माणूस सहा महिन्यांनी नोकरी सोडतो, आणि नवा माणूस विचारतो, 'हे कोणी सांगितलं?' त्या मेलची पीडीएफ काढून ठेवा.

काम एजन्सीमार्फत आलं असेल तर एजन्सीचा होकार पुरेल असं धरू नका. तिचा मूळ कंपनीशी असलेला करार तुम्ही पाहिलेला नसतो.

झाकून

हा पर्याय सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत फसवा आहे. एक तर झाकणं जमत नाही. पीडीएफमध्ये मजकुरावर काळा चौकोन ठेवला तरी खालचा मजकूर तसाच असतो. निवडून कॉपी केला की बाहेर येतो. ते पान चित्र म्हणून एक्सपोर्ट करा किंवा मजकूर खरोखर काढून टाका. आकडे धूसर करू नका, कारण चौकोनी ठिपक्यांमागचे आकडे ताडता येतात. त्या जागी खोटे आकडे लिहा आणि तसं नमूद करा. मग फाइलचं नाव, पीडीएफच्या गुणधर्मांतलं लेखकाचं नाव, स्क्रीनशॉटमधला ब्राउझरचा टॅब, चित्राचा पर्यायी मजकूर (चित्र दिसलं नाही तर दिसणारा) आणि फोटोतली जीपीएस नोंद हे सगळं तपासा.

दुसरं म्हणजे नाव झाकलं तरी ओळख उरते. 'कोल्हापुरातली तीन पिढ्यांची सराफी पेढी' असं लिहिलं की कोल्हापूरकराला पुढचं सांगावं लागत नाही. धंदा जितका छोटा किंवा वेगळा, तितकं झाकणं निरुपयोगी. बँक, विमा, हॉस्पिटल अशा मोठ्या गर्दीच्या क्षेत्रात ते चालतं. ग्राहकांची नावं, फोन नंबर, रुग्णांचे तपशील मात्र कुठल्याच प्रकारात दिसता कामा नयेत.

मागेल त्यालाच

अनुभव मोठा आणि सगळा गोपनीयता कराराखाली, अशांना हा प्रकार सोयीचा. पण करारात 'तिसऱ्या व्यक्तीला उघड करणार नाही' असं असेल, तर एका माणसाला दाखवणंही उघड करणंच आहे. पासवर्ड लावल्याने ते कलम मोडायचं राहत नाही.

तांत्रिक खाचखळगेही आहेत. वर्डप्रेसच्या पानाला पासवर्ड लावला तरी त्यातली चित्रं अपलोडच्या फोल्डरमध्ये उघडीच राहतात. थेट पत्ता माहीत असला की दिसतात. 'लिंक असलेला कोणीही' असा ड्राइव्हचा दुवा एकाकडून दुसऱ्याकडे जातो. त्यापेक्षा व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवावी आणि फाइल आपल्याकडेच ठेवावी.

स्वतः केलेले नमुने

यात परवानगीचा प्रश्न येत नाही, आणि नवख्याला हाच मार्ग. तोटा असा की अशा नमुन्यात अडचणी नसतात. क्लायंट, बजेट, छपाईची मर्यादा काहीच नाही, म्हणून काम पोकळ दिसतं. उपाय म्हणजे खरी अडचण निवडा. प्रसिद्ध ॲपचं नवं रूप करण्यापेक्षा एसटी स्थानकावरचा वेळापत्रकाचा फलक किंवा सोसायटीचं देखभालीचं बिल घ्या. मोजमाप करा, चार माणसांना वाचायला द्या, कुठे अडले ते लिहा. वर ठळक लिहा: 'स्वतःहून केलेलं काम, क्लायंटसाठी नाही.'

अनुवादकांना तर हाच प्रकार बरा. मूळ मजकूर क्लायंटचा किंवा तिसऱ्याच लेखकाचा असतो. भारतात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षं चालतो. ती मुदत संपलेल्या लेखनातले २५०-३०० शब्द मूळ आणि अनुवाद शेजारी शेजारी लावले की काम भागतं. डेव्हलपरांनी क्लायंटची खासगी रिपॉझिटरी (कोड आणि त्यातल्या बदलांचा साठा) सार्वजनिक करूच नये. आज काढून टाकलेली एपीआय की (सेवेत शिरायची गुप्त किल्ली) जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधी जतन केलेल्या आवृत्तीत, तशीच सापडते.

मग घ्यावं काय?

कामं पाचाच्या आत असतील तर दोन नमुने स्वतःचे आणि एक परवानगीचं. करार नसलेले छोटे स्थानिक क्लायंट असतील तर सरळ परवानगी मागा. दुकानदाराला जाहिरातच होते. सगळं कॉर्पोरेट असेल तर करारात बसेल तेवढंच कॉलवर, आणि जाहीर पानावर फक्त कामाचं स्वरूप आणि तुमचा वाटा. झाकण्याकडे यातलं काहीच जमलं नाही तर वळा.

कोटेशनमध्ये घालायची ओळ साधारण अशी असावी: 'काम जाहीर झाल्यावर ३० दिवसांनी, कंपनीचं नाव आणि लोगोसह, निवडक पानांची चित्रं माझ्या वेबसाइटवर, लिंक्डइनवर आणि पीडीएफ पोर्टफोलिओत दाखवण्यास परवानगी. विक्रीचे आकडे आणि नाकारलेले पर्याय वगळून. लेखी सूचना मिळाल्यास ७ दिवसांत काढून टाकू.' शेवटच्या वाक्यामुळे होकार लवकर मिळतो. जुन्या क्लायंटना हीच ओळ चित्रांसकट मेल करा, दहा दिवसांनी एकदा आठवण द्या. उत्तर आलं नाही तर तो नकार समजा.