डुओलिंगो की बीबीसी?

मावशीने साठीत इंग्रजी शिकायचं मनावर घेतलं. लेक परदेशी, नातवंडं इंग्रजीतच बोलणारी. मोबाइलवर दोन पर्याय फुकट होते: २०१२ साली सर्वांसाठी खुलं झालेलं डुओलिंगो हे ॲप आणि बीबीसी लर्निंग इंग्लिश, ज्याची सुरुवात १९४३ साली रेडिओवर झाली.

डुओलिंगोवर हिंदीतून इंग्रजी शिकता येतं. जोड्या जुळवा, वाक्य लावा. चुकलं की तिथल्या तिथे कळतं. सलग किती दिवस धडा केला ते ॲप मोजतं; ती साखळी तुटू नये म्हणून मावशी रात्री अकराला चष्मा शोधते. सवय लावायला याला तोड नाही. पण समोर मांडलेल्या शब्दांतून निवडणं वेगळं आणि तोंडातून वाक्य काढणं वेगळं.

बीबीसीचं ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ म्हणजे दोघांच्या गप्पा, सोबत सगळा संवाद लिहून दिलेला. मावशी आधी नुसतं ऐकते, मग वाचत ऐकते, मग थांबवून मोठ्यांदा म्हणते. परवा तिच्या लक्षात आलं की ‘कम्फर्टेबल’मधलं ‘टेबल’ ते म्हणतच नाहीत, ‘कम्फ्टबल’ म्हणतात. “आणि मी चाळीस वर्षं टेबल मांडून बसलेय!” इति मावशी. मात्र इथे समजावणंही इंग्रजीतूनच, त्यामुळे अगदी नवख्याची दमछाक होते. शिवाय ऐकून म्हटलेलं चुकलं तर सांगणारं कुणी नाही.

मला विचाराल तर पहिले दोन-तीन महिने डुओलिंगो, मग बीबीसी. मावशी माझं ऐकत नाही: डुओलिंगो जेवणानंतर, बीबीसी भाजी निवडताना.