एसेन्स म्हणून माझ्या गळ्यात मारलेल्या व्हेपच्या बाटल्या

गेली सहा वर्षे मी भांडुपच्या घरातून केक, चॉकलेट आणि सणासुदीला मोदक करून विकते. माझ्याकडे अन्नसुरक्षा नोंदणी आहे आणि प्रत्येक खरेदीचे बिल मी जपून ठेवते. हे सुरुवातीलाच सांगते, कारण केकचे एसेन्स म्हणून मला व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, स्वादाच्या बाटल्या विकल्या गेल्याची ही हकिकत ऐकल्यावर निम्म्या लोकांनी मला ‘तुला कळलं कसं नाही?’ एवढेच विचारले, आणि त्या प्रश्नाने पैसे गेल्यापेक्षा जास्त त्रास झाला.

२०२५ साली २७ ऑगस्टला गणपती होते. एका कंपनीकडून चॉकलेट मोदकांच्या १२० खोक्यांची ऑर्डर आली होती. प्रत्येक खोक्यात पाच मोदक, दर २१० रुपये, म्हणजे एकूण २५,२०० रुपये. त्यांनी १०,००० रुपये आगाऊ दिले होते. आंबा, पान आणि केशर-पिस्ता असे तीन स्वाद ठरले. एरवी मी एसेन्स क्रॉफर्ड मार्केटमधल्या ठरलेल्या दुकानातून आणते, पण पावसात गाडीच्या गर्दीतून तिथवर जाण्यायेण्यात अख्खा दिवस मोडतो. त्याच सुमारास मोबाइलवर एक जाहिरात दिसली : ‘परदेशी सुपर कॉन्सन्ट्रेट, तीन थेंबांत किलोभर स्वाद’. मी व्हॉट्सॲपवर चौकशी केली, तेव्हा मस्जिद बंदरचा पत्ता, लोगो असलेले दरपत्रक आणि स्टिकरवर चौदा आकडी परवाना क्रमांक असलेले बाटल्यांचे फोटो आले. मी स्पष्ट विचारले, “दादा, चॉकलेटसाठी हवंय, ऑइल बेस्ड आहे ना?” त्यावर “ताई, ऑइल बेस्डच आहे, मोठे हॉटेलवाले हेच नेतात,” असे उत्तर आले. तो संदेश माझ्याकडे अजून आहे.

३० मिलीच्या २४ बाटल्या, प्रत्येकी ३८५ रुपयांनी ९,२४० रुपये, साखरेऐवजी वापरायच्या ‘नैसर्गिक स्टीव्हिया ड्रॉप्स’च्या १०० मिलीच्या चार बाटल्या, प्रत्येकी ६५० रुपयांनी २,६०० रुपये, आणि कुरिअरचे १८० रुपये. असे १२,०२० रुपये मी यूपीआयने आगाऊ भरले. हे दर माझ्या नेहमीच्या दुकानापेक्षा चढे होते, त्यामुळे स्वस्ताच्या लोभाने फसले असे कोणी म्हणू नये. चांगला माल मिळावा म्हणून मी जास्त पैसे मोजले होते.

आता ज्या क्षणाचा विचार करून मी रात्र रात्र जागले, तो सांगते. बाटल्या आल्या त्या रात्री मी ओट्यापाशी उभी राहून त्या पुसून रांगेत लावत होते. झाकण दाबून फिरवल्याशिवाय उघडत नव्हते, लहान मुलांच्या औषधाच्या बाटलीला असते तसे. आत सुईसारखी लांब, बारीक चोच होती. बेकिंगच्या एसेन्सला अशी चोच मी कधी पाहिली नव्हती. परदेशी माल आहे, असेल, म्हणून मी सोडून दिले. ओल्या बोटांनी आंब्याच्या बाटलीवरचे स्टिकर एका कोपऱ्यात सुटले आणि खाली दुसरे लेबल दिसले. त्यावर इंग्रजीत ‘मिक्सिंग ८ टक्के’ आणि ‘स्टीप ७ दिवस’ असे छापलेले होते. एसेन्सचे प्रमाण थेंबांत किंवा चमच्यात सांगतात, कधीही टक्क्यांत सांगत नाहीत, हे मला पुरते ठाऊक आहे. तरीही नाताळच्या केकचा सुका मेवा आपण रममध्ये मुरत ठेवतो, तसेच हे काहीतरी असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. मी ते स्टिकर अंगठ्याने दाबून पुन्हा चिकटवले. माझ्या हातांनी चिकटवले. तेव्हाच ते पूर्ण सोलले असते, तर मूळ लेबलावरची मार्च २०२१ ला संपलेली मुदत आणि अठरा वर्षांखालच्यांना विक्री नाही अशी सूचना दोन्ही दिसल्या असत्या.

व्हेपचे द्रव घरी बनवणारे लोक असे कॉन्सन्ट्रेट टक्क्यांच्या हिशेबाने मिसळतात आणि स्वाद मुरावा म्हणून ते काही दिवस ठेवतात, त्यालाच ते ‘स्टीप’ म्हणतात. हे मला नंतर समजले. ई-सिगारेटवर आपल्याकडे सप्टेंबर २०१९ पासून बंदी आहे, तेव्हा असा पडून राहिलेला किंवा चोरवाटेने आलेला माल घरगुती बेकर्सच्या माथी मारणे किती सोपे आहे, ते वेगळे सांगायला नको.

मोदकांचे काम काढले आणि पहिल्याच घाण्याला चॉकलेट घट्ट होऊन रवाळ झाले. या कॉन्सन्ट्रेटचा आधार प्रोपिलिन ग्लायकॉल हा द्रव असतो; तो पाण्यात विरघळतो, तेलात नाही, त्यामुळे वितळलेल्या चॉकलेटचे मातेरे होते. थेंबभर एसेन्स ग्लासभर पाण्यात टाकून पाहायला मला अर्धा मिनिट लागला असता : तेलाचा असेल तर वर तरंगतो, हा पूर्ण मिसळला असता. मी विक्रेत्याला फोन केला, तर तो म्हणाला, “ताई, तापमान चुकलं असेल, थोडं तेल घाला.” मी तेल घातले. मोदक साच्यातून निघाले, पण दुसऱ्या दिवशी त्यांना दमट चिकटपणा आला होता. माझ्या भाचीने आंब्याचा एक मोदक खाल्ला आणि विचारले, “मावशी, हा तोंडात गार का लागतो?” पुदिन्याचा वास नाही, चव आंब्याची आणि जिभेवर मात्र बर्फासारखा गारवा. व्हेपच्या स्वादांत असा थंडावा आणणारे रसायन मिसळतात. त्या प्रश्नानंतर मी एकेका बाटलीचे स्टिकर सोलत बसले.

तोवर ‘स्टीव्हिया’चे थेंब घालून केलेली नानकटाई माझे मधुमेही सासरे आठवडाभर खात होते. पुष्कळ तयार व्हेप द्रवांत निकोटिन असते आणि त्यांच्या बाटल्या अगदी अशाच दिसतात. आपण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आणि पोरीला काय खाऊ घातले, हे कळेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझे मला माहीत. खासगी प्रयोगशाळेला ४,७२० रुपये भरले. निकोटिन आढळले नाही. स्टीव्हियाचा अंशही आढळला नाही. होते ते प्रोपिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळवलेले सुक्रालोज, जे साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असते. सुक्रालोज खाद्यपदार्थांत चालते, पण ते १२० अंशांच्या वर तापवल्यास क्लोरीनयुक्त घातक संयुगे तयार होऊ शकतात, असा इशारा जर्मनीच्या फेडरल इन्स्टिट्यूट फॉर रिस्क असेसमेंट या संस्थेने २०१९ मध्ये दिलेला आहे, आणि नानकटाई मी १७० अंशांवर भाजते.

“मूळ फूड ग्रेडच असतं ताई, उगाच घाबरता,” हे विक्रेत्याचे शेवटचे वाक्य, त्यानंतर त्याने मला ब्लॉक केले. यात अर्धे खरे आहे, म्हणूनच ते जास्त चीड आणते. प्रोपिलिन ग्लायकॉल अन्नात वापरतात आणि स्वादाची पुष्कळ रसायनेही तीच असतात. पण बाटलीत नेमके काय आणि किती आहे, ते अन्नाच्या दर्जाचे आहे का, याची जबाबदारी घेणारा माणूसच नसेल, तर ती वस्तू स्वयंपाकघरात आणायची कोणत्या भरवशावर? परवाना क्रमांक मी फॉसकॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तपासला, तो दुसऱ्या राज्यातल्या एका फरसाण उत्पादकाचा निघाला. हे पैसे भरण्याआधी करायचे असते; दोन मिनिटांचे आणि फुकटचे काम आहे. मस्जिद बंदरला गेले तर त्या पत्त्यावर बंद शटर होते आणि शेजारच्या हमालाने सांगितले की पूर्वी इथे हुक्क्याचे सामान मिळायचे.

पोलीस ठाण्यात मला चार तास बसवून ठेवल्यावर विचारण्यात आले, “माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?” खाण्याची वस्तू आहे म्हणून अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात पाठवले. त्या कार्यालयाने सांगितले की ही वस्तू अन्न म्हणून बनलेलीच नाही, सिगारेटचा प्रकार आहे, पोलिसांकडे जा. मी २००६ चा अन्नसुरक्षा कायदा वाचून गेले होते. माणसाच्या खाण्यासाठी असलेला आणि अन्न तयार करताना त्यात वापरलेला पदार्थही त्याच्या व्याख्येत येतो, आणि मला तो खाण्यासाठी म्हणूनच विकला गेला होता. हे दाखवल्यावर सरकारी विश्लेषकाकडून तपासणीचा विषय निघाला. तेव्हा त्याच कायद्याचे कलम ४० पुढे करण्यात आले : ग्राहकाला तपासणी करून घेता येते, पण तसा हेतू वस्तू विकत घेतानाच विक्रेत्याला कळवलेला असावा लागतो. म्हणजे मी पैसे भरतानाच त्या माणसाला सांगायला हवे होते की तुझा माल मी तपासायला देणार आहे! तिसऱ्या खेपेला तिथल्या अधिकाऱ्याने आवाज चढवून विचारले, “मोदक तुम्हीच केलेत ना? मग कारवाई आधी तुमच्यावर होईल.” एकही मोदक विकलेला नव्हता, सहाशेच्या सहाशे मी फेकून दिले होते, आणि त्या खुर्चीसमोर मी आरोपीसारखी उभी होते. ज्याने जुन्या मुदतीवर नवे स्टिकर लावले त्याला एक फोन करायलाही कोणाला वेळ नव्हता. बँकेने कळवले की पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत मिळणार नाहीत.

माल १२,०२०, सहा किलो कंपाउंड चॉकलेट २,५२०, कंपनीचे नाव छापलेली १२० खोकी २,१६० आणि तपासणी ४,७२० : एकूण २१,४२० रुपये बुडाले. आगाऊ घेतलेले १०,००० खरे कारण सांगून परत केले. ते गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही.

आता ग्राहक आयोगात तक्रार करते आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, आणि तुम्ही धंद्यासाठी घेतले म्हणून ग्राहक नाही असे कोणी सांगितले तर ऐकू नका; स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी केलेली खरेदी २०१९ च्या ग्राहक कायद्यात वगळलेली नाही. आगाऊ पैसे गेले आणि माल आलाच नाही, असे झाले असेल तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा.

नंतर त्याच बाटल्यांचे फोटो दुसऱ्या नावाने आणि दुसऱ्या क्रमांकावरून पुन्हा दिसले, ‘दिवाळी स्पेशल’ म्हणून, दर ३४० रुपये. दाबून फिरवायचे झाकण, सुईसारखी चोच आणि हाताला जाड लागणारे स्टिकर ही त्यांची खूण. कोणी घेतल्या असतील तर बाटली न उघडता स्टिकर सोला, खालच्या लेबलाचा फोटो काढा आणि विक्रेत्याशी झालेले सगळे संदेश त्याने ब्लॉक करण्याआधी जपून ठेवा. माझ्या १९ बाटल्या खोक्यात बंद करून माळ्यावर ठेवल्या आहेत, कारण आयोगात पुरावा म्हणून त्याच लागणार आहेत.