बडोद्याच्या दांडिया बाजारातली लेखन कार्यशाळा : सहा रविवार केले, त्याबद्दल

‘तुमच्या आई ओसरी म्हणायच्या?’ माझ्या लेखाच्या पहिल्या पानावर कार्यशाळेतल्या बाईंनी पेन्सिलीनं एवढंच लिहून दिलं होतं.

आई ओटला म्हणायची. आमच्या रावपुऱ्यातल्या घराला रस्त्याकडे तोंड करून ओटलाच होता. थंडीत शेजारच्या गुजराती काकींबरोबर ती तिथे तुवेर सोलत बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायची. लेख छापायला पाठवायचा म्हणून मी त्याची ‘ओसरी’ करून टाकली होती. ओसरी म्हटल्यावर आई घरात गेली, काकी गेल्या, रस्ताही गेला. शब्द परत बदलला तेव्हा हे सगळं आपोआप परत आलं. मला तर तिथेच फी वसूल झाली.

कार्यशाळा आठवणी, ललित आणि कथा लिहिणाऱ्यांसाठी आहे. दांडिया बाजारात एका जुन्या घराच्या माडीवर भरते. सहा रविवार, दर वेळी अडीच तास, दहा जण, फी २४०० रुपये. शिकवणाऱ्या बाई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्यात. जिना अरुंद आणि उभा आहे. गुडघे दुखत असतील त्यांनी आधी विचार करावा.

माझा लेख बाबांवर होता. त्यांची सगळी नोकरी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत झाली. मी लिहिलं होतं, ‘बाबा लवकर उठत, सायकल पुसत, डबा घेत, वेळेआधी पोचत.’ बाईंनी एका पानावरची अशी सगळी क्रियापदं अधोरेखित केली. अकरा निघाली. ‘हे रोजचं झालं, आता एक दिवस सांगा,’ म्हणाल्या. मग त्यांनी रीतिभूतकाळ समजावला. शाळेत व्याकरणात शिकलो होतो, पण लिहिताना तो काय करतो हे कुणी सांगितलं नव्हतं. आठवणी लिहायला बसलं की हात आपसूक ‘उठत, बसत, जात’कडे वळतो, कारण तो ऐकायला गोड लागतो. पण त्यात वेळ पुढे सरकत नाही, काहीच एकदा घडत नाही. एक परिच्छेद ठीक. त्यानंतर ‘त्या दिवशी’ आलं पाहिजे.

माझा ‘तो दिवस’ सापडायला आठवडा गेला. फेब्रुवारी २०१८, आपल्या बडोद्यात ९१वं साहित्य संमेलन भरलं होतं. बाबा ऐंशीच्या पुढचे. पुस्तकांच्या एका स्टॉलवर त्यांनी काहीच घेतलं नाही. आडवी पडलेली पुस्तकं उचलून उभी केली, पाठी एका रेषेत आणल्या, तळव्यानं हलकेच आत दाबल्या आणि पुढे चालू लागले. स्टॉलवाला बघतच राहिला. बाबांबद्दल चार पानांत मला जे सांगता आलं नव्हतं, ते इथे सहा ओळींत आलं.

या प्रसंगात मी बाबांच्या तोंडी एक छानसं वाक्यही घातलं होतं. बाईंनी विचारलं, ‘हे ते बोलले, की बोलले असते?’ बोलले नव्हते. बाईंचं म्हणणं असं, की कथेत पात्राला हवं ते बोलू द्या. खऱ्या माणसावर लिहिताना वाचक तुमच्या शब्दावर भरवसा ठेवून असतो. न आठवलेलं लिहायचंच असेल तर ‘म्हणाले असतील’, ‘वाटलं असावं’ असं लिहा; वाचकाला लगेच कळतं की इथे मुलगी अंदाज करते आहे, आणि तो अंदाजही वडिलांविषयीच काही सांगतो. मी वाक्य काढून टाकलं. ‘असावं’ एकाच जागी ठेवलं.

आता तक्रारी. कथेला फक्त एक रविवार मिळाला. निवेदक कोण, त्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे अर्ध्या तासात उरकलं. आमच्यातले तिघं कथाच लिहायला आले होते, त्यांच्यावर हा अन्याय झाला. शेवटच्या रविवारी एका प्रकाशकांना बोलावलं होतं. ते पाऊण तास पैसे भरून पुस्तक छापायच्या पॅकेजबद्दल बोलले. तो वेळ आमच्या वाचनातून गेला, याचं मला अजून वाईट वाटतं. लेखावरचा लेखी अभिप्राय आठवड्यात मिळणार होता, तो तीन आठवड्यांनी आला. पण आला तेव्हा दोन पानी होता, आणि प्रत्येक ओळ माझ्याच मजकुराबद्दल होती.

कार्यशाळेला जाताना हातात कच्चा का होईना, काहीतरी लिहिलेला मजकूर असू द्या. कोरी वही घेऊन आलेल्या दोघांना पहिले तीन रविवार फार काही मिळालं नाही.

बाईंच्या शेवटच्या खुणेमुळे मी पुन्हा लायब्ररीत गेले. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना आणून सुरू केलेली ही लायब्ररी. तिथे पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांमधली जमीन काचेची आहे. लहानपणी तिथे बाबांची वाट बघायचे. लेखात मी लिहिलं होतं की वरून चालणाऱ्या बाबांच्या चपला मला खालून स्वच्छ दिसायच्या. बाईंनी समासात विचारलं होतं, ‘स्वच्छ?’ मी मान वर करून बराच वेळ उभी राहिले. काच धूसर आहे. वरून कुणी गेलं की नुसती एक सावली सरकते. लेखात आता सावली आहे.