आठ महिन्यांत ठरलेली जिन

आम्ही नेरूळला राहतो. शनिवारी रात्री मी, नवरा आणि बहुतेक वेळा सीवूड्सहून येणारे दीर-जाऊ. एक पेग, फार तर दोन. जानेवारीपर्यंत मी जिन वर्षातून दोनदा, कुणाच्या तरी लग्नाच्या पार्टीत घ्यायची. नीट चव घेऊन, ठरवून पिण्याचे हे आठ महिने आहेत, आणि त्यात मला जे कळलं ते तपशिलात लिहिते. सुरुवातीला मलाच असं कुणी सांगितलं असतं तर पहिल्या बाटलीचे पैसे वाचले असते.

ती पहिली बाटली गुलाबी रंगाची, फळाच्या स्वादाची होती. नाव लिहीत नाही. सरबतासारखी गोड, टॉनिक (जिनमध्ये घालतात ते कडसर, सोड्यासारखं पेय) घातल्यावर आणखी गोड. जिनचा वास ज्यांच्यामुळे येतो ती जुनिपरची फळं त्यात कुठे जाणवलीच नाहीत. जिन हे नावसुद्धा जुनिपरवरूनच आलंय, आणि आपल्याकडे आयुर्वेदात याच फळाला हपुषा म्हणतात. पाइनच्या ताज्या कापलेल्या लाकडासारखा तो वास. तो नसेल तर व्होडका आणि सरबत घेतलेलं बरं. म्हणून नवीन माणसाला मी एवढंच सांगते की पहिली बाटली ‘लंडन ड्राय’ लिहिलेली घ्या. ती लंडनमध्येच बनलेली असावी असं नाही. डिस्टिलेशननंतर (दारू उकळून तिची वाफ गार करून घेतल्यावर) तिच्यात वेगळा स्वाद किंवा रंग मिसळता येत नाही आणि साखर जवळजवळ नसतेच, एवढी हमी त्या शब्दांत असते.

मग आल्या चार बाटल्या: ग्रेटर दॅन, स्ट्रेंजर अँड सन्स, हपुसा आणि बॉम्बे सफायर. पहिल्या तिन्ही गोव्यात बनतात. २०१७ मध्ये ग्रेटर दॅन आली, २०१८ मध्ये उरलेल्या दोघी. त्याआधी चांगली जिन म्हणजे बाहेरची, असंच आमच्या घरी समजायचे.

एप्रिलमध्ये आम्ही चौघांनी डोळे बांधून नाही, पण नावं लपवून चव घेतली. चार ग्लासांच्या तळाला आकडे चिकटवले, प्रत्येकात पंधरा मिली जिन आणि तेवढंच साधं पाणी, बर्फ नाही. गार जिनला वास कमी येतो, म्हणून चव पारखताना खोलीच्या तापमानाचीच घ्यायची. माझी खात्री होती की मला निळ्या बाटलीतली ओळखू येईल आणि तीच आवडेल. (निळा रंग काचेचा असतो, आतली जिन पाण्यासारखी स्वच्छ.) निघालं भलतंच. मी आणि दीर दोघांनीही दोन नंबरचा ग्लास पुढे ओढला. “वहिनी, दोन नंबर कुठली?” ती ग्रेटर दॅन होती, चौघींतली सगळ्यात स्वस्त. जावेला स्ट्रेंजर अँड सन्स आवडली आणि आजही तिचं मत तेच आहे.

दोघींतला फरक सांगायचा तर स्ट्रेंजर अँड सन्समध्ये नागपुरी संत्र्याची साल, गंधराज लिंबू, काळी मिरी, जायफळ, जायपत्री असा ऐवज आहे. नाकाजवळ नेली की संत्रं सोलल्याचा भास होतो आणि शेवटी घशाशी मिरी राहते. ही बाटली पाहुण्यांपुढे ठेवावी, पहिल्या घोटातच बोलते. ग्रेटर दॅनमध्ये जुनिपर पुढे, मागे धने, बडीशेप, आलं आणि गवती चहा. फार काही दाखवत नाही, पण कशातही मिसळली तरी हरवत नाही. दर आठवड्याला प्यायची असेल तर मला हाच गुण महत्त्वाचा वाटतो. गुलाबी सोडली तर आमच्या सहापैकी तीन बाटल्या तिच्याच झाल्या.

हपुसा वेगळं प्रकरण आहे. हिमालयातलं जुनिपर, हळद, आलं. पावसानं भिजलेल्या मातीची आठवण येते. तिच्यात टॉनिक ओतू नये असं माझं मत. एक मोठा बर्फाचा तुकडा, वरून संत्र्याच्या सालीचा चिमटा, बस. जुलैतल्या पावसात गॅलरीत बसून प्यायले तेव्हा ती मला खरी कळली. मे महिन्यात हीच जड वाटली होती.

आता बर्फ. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि त्याचं मला समाधान आहे. फ्रिजच्या ट्रेमधले छोटे तुकडे आपल्या दमट उन्हाळ्यात दहा मिनिटांत विरघळतात आणि अर्धा ग्लास पाणचट होतो. मी स्टीलच्या वाट्यांमध्ये बर्फ लावते. एक वाटी म्हणजे एक ग्लास, आणि तो गोळा शेवटपर्यंत टिकतो. फेब्रुवारीत एकदा दिवाळे गावच्या मासळी बाजारातून आणलेले बोंबील त्याच कप्प्यात ठेवले होते. बर्फाला वास लागला आणि त्या दिवशीची जिन सगळ्यांनी ओतून दिली. तेव्हापासून वाट्या झाकणाच्या डब्यात असतात. बाटलीही मी फ्रीझरमध्येच ठेवते. आपल्याकडच्या जिनमध्ये साधारण ४२.८ टक्के मद्यार्क असतो, घरच्या फ्रीझरमध्ये ती गोठत नाही, थोडी दाट होते. सगळं आधीच गार असलं की बर्फ कमी वितळतो.

टॉनिक दोनशे मिलीच्या छोट्या बाटलीतलंच घ्यावं. मोठी बाटली उघडली की दुसऱ्या शनिवारपर्यंत गॅस गेलेला असतो. टॉनिकचा कडूपणा क्विनीनचा, म्हणजे सिंकोनाच्या सालीतलं तेच औषध जे हिंदुस्थानातले इंग्रज मलेरियासाठी घेत. दुकानातलं नेहमीचं टॉनिक मला फार गोड वाटलं. मुंबईत सुरू झालेल्या ‘स्वामी’ या कंपनीचं कमी साखरेचं टॉनिक मिळालं आणि प्रश्न सुटला. माझं माप साठ मिली जिनला सव्वाशे मिली टॉनिक, उन्हाळ्यात दीडशे. टॉनिक ग्लास तिरका धरून हळू ओतायचं, चमचा एकदाच फिरवायचा. लिंबू पिळायचं नाही. वाशीच्या बाजारातल्या कागदी लिंबाच्या सालीची पट्टी काढून ग्लासावर मुरडायची, तिच्यातलं तेल वर पसरतं आणि घोटाआधी नाकाला मिळतं. पिळलेल्या रसानं टॉनिकचा कडूपणा बोथट होतो.

गवती चहाची कल्पना मला ग्रेटर दॅनच्या चवीवरून सुचली. एक पात हातानं चुरगाळून ग्लासात उभी ठेवायची. साधी गोष्ट आहे, पण आमच्याकडे आता ती नसेल तर चुकल्यासारखं होतं.

आणि कोकम. सासूबाई दर वर्षी मालवणहून आगळ पाठवतात. साठ मिली जिन, दोन चमचे आगळ, अर्धा चमचा साखरेचा पाक, वर सोडा. टॉनिक घालू नका, खारट आणि कडू एकमेकांशी भांडतात. मीठ तर अजिबात नको, आगळात ते असतंच. जिरेपूड भरपूर घालायचा मोह होतो, पण चिमूट पुरे. त्यासोबत रव्यात घोळवलेला बोंबील फ्राय. हे मी बारमध्ये मिळणाऱ्या कोणत्याही कॉकटेलपेक्षा वर ठेवते.

गिमलेटही करून पाहिलं: साठ मिली जिन, वीस लिंबाचा रस, वीस पाक, झाकणाच्या बरणीत बर्फासोबत जोरात हलवून. इथे मात्र रस ताजाच हवा. नेग्रोनी (जिनचंच एक कडू कॉकटेल) मला जमली नाही, कडूपणाची तेवढी सवय नाही.

खर्चाचं सांगते. जून २०२५ मध्ये राज्यात भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं (आपल्याकडची जिन त्यातच येते) उत्पादन शुल्क वाढलं आणि वाइन शॉपमधले आकडे बदलले. गोव्यात स्वस्त मिळते म्हणून बाटल्या गाडीत घालून आणणारे ओळखीत आहेत. परवानगीशिवाय तसं करणं गुन्हा आहे, आम्ही करत नाही. महाराष्ट्रात जिन प्यायलाही पंचवीस वर्षं पूर्ण आणि परवाना लागतो. आम्ही चौघांनी तो काढून ठेवलाय.

श्रावणात महिनाभर बाटली बंद होती, मग गणपती. विसर्जनानंतरच्या शनिवारी पहिला घोट घेतला तर अर्धी उरलेली स्ट्रेंजर अँड सन्स जरा मवाळ वाटली. उघडी बाटली नासत नाही, पण अर्ध्याहून रिकामी झाली की वास हळूहळू जातो. पुढच्या श्रावणाआधी ती छोट्या बाटलीत ओतून ठेवणार आहे.

त्याच शनिवारी गणपतीच्या फळांतलं उरलेलं पपनस सोललं. गर टॉनिकमध्ये हलकेच कुस्करला, गाळला नाही, वर ग्रेटर दॅन. दीर म्हणाले, पुढच्या आठवड्यात अजून दोन पपनसं आणतो. साल मी फेकली नाही, पट्ट्या करून फ्रीझरमध्ये ठेवल्या आहेत, झाकणाच्या डब्यात.