उंदरांचे डोळे मोजायचा कॅमेरा सेट, आठ महिने वापरून झाल्यावर

आमच्या लॅबमध्ये हा इन्फ्रारेड कॅमेऱ्याचा सेट आठ महिने रोज चालतोय, कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही कारण तक्रार पण करायचीय. काम असं की उंदराचं डोकं पक्कं बसवायचं, अंधारात टेबल डावी-उजवीकडे हलवायचं आणि डोळे उलट्या दिशेला किती फिरतात ते मोजायचं, हे व्हीओआर (व्हेस्टिब्युलो-ऑक्युलर रिफ्लेक्स). उजेडात काळे-पांढरे पट्टे फिरवले की डोळे पट्ट्यांमागे जातात, ते ओकेआर (ऑप्टोकायनेटिक रिफ्लेक्स). मग औषध द्यायचं आणि परत मोजायचं.

बॅक्लोफेनसाठी (स्नायू सैल करणारं औषध) हा सेट मस्त आहे. जनावर एकसारखं फिरवून थांबवलं की कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांचा सिग्नल लवकर ओसरतो, पण मेंदू तो धरून ठेवतो आणि डोळे त्यानंतरही हलत राहतात. बॅक्लोफेन मेंदूतल्या गाबा-बी रिसेप्टरवर काम करतं आणि ही साठवण आखडते, बर्नार्ड कोहेन आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये माकडांवर हे दाखवलं होतं. या सेटवर डोळ्याचं संथ सरकणं आणि मधला परतीचा झटका इतका स्वच्छ वेगळा दिसतो की नुसता ग्राफ बघून कळतं, मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा खरंच आनंद झाला.

आता तक्रार. स्कोपोलामाइन (बाहुली पसरवणारं औषध) दिलं, गेन, म्हणजे टेबल किंवा पट्ट्यांच्या मानाने डोळे किती फिरले ते प्रमाण, धाडकन खाली, आम्ही दोन दिवस खुशीत, मग मी सहज कच्चा व्हिडिओ उघडला तर बाहुली एवढी पसरलेली की कडा पापणीखाली गेलेली आणि सॉफ्टवेअरनं काढलेला गोल चक्क पापणीच्या केसांना चिकटलेला! म्हणजे रिफ्लेक्स कमी झाला की नाही ते कळलंच नाही, मोजमापच घसरलं होतं. ट्रॅकिंग बिघडल्याचा आकडा सॉफ्टवेअरकडे असतो, पण तो तिसऱ्या मेनूत लपवलाय, स्क्रीनवर साधी लाल खूण सुद्धा नाही. एरवी अंधारात बाहुली आवरायला आम्ही पायलोकार्पिनचा थेंब टाकतो, पण तो चालतो मस्करिनिक रिसेप्टरवर (अ‍ॅसिटिलकोलिनच्या रिसेप्टरचा एक प्रकार) आणि स्कोपोलामाइन नेमकं तेच अडवतं, त्यामुळे इथे थेंबावर भरवसा ठेवता येत नाही. कॅमेऱ्याऐवजी डोळ्यावर तारेची बारीक कॉइल बसवून हालचाल मोजता येते, तिला बाहुलीशी देणंघेणं नसतं, पण उंदराच्या एवढ्याशा डोळ्यावर कॉइल म्हणजे ओझंच. शेवटी औषध बारीक नळीनं थेट फ्लॉक्युलसमध्ये (लहान मेंदूचा डोळ्यांच्या हालचाली सांभाळणारा भाग) सोडायचं ठरवलं, सशांमध्ये तिथे कार्बाकोल (अ‍ॅसिटिलकोलिनसारखं काम करणारं औषध) सोडून ओकेआर वाढल्याचं 1991 मध्येच दाखवलेलं आहे, आणि असं केलं की बाहुली बऱ्यापैकी जागच्या जागी राहते.

आणखी एक, जनावर पेंगलं की गेन असाच पडतो, म्हणून तुलनेसाठी औषधाऐवजी नुसत्या सलाइनचं सेशन त्याच वेळेला, तेवढाच वेळ घ्या.

पाचपैकी साडेतीन. झोप आणणारी किंवा बाहुली हलवणारी औषधं तपासत असाल तर प्रत्येक सेशनचा व्हिडिओ सेव्ह करा, डीफॉल्टला तो बंद असतो. लाल खुणेसाठी कंपनीला दोनदा मेल केलाय, अजून उत्तर नाही.