पृथ्वी फिरते दाखवणारं लंबकाचं किट, घ्यावं का?

पोराला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हवं होतं म्हणून ऑनलाइन मागवलं, 1690 रुपये. डब्यात काय काय आलं तर 2 किलोचं पितळी वजन, 2 मीटर तार, छताला लावायचा आकडा, खाली ठेवायची अंशांच्या खुणा असलेली गोल चकती आणि एक पुस्तिका. वजन बघून आमच्या आईनं विचारलं, गवंड्याचा ओळंबा कशाला आणलास रे? खरंतर ती चुकीचं बोलली नाही, दिसायला अगदी तसंच आहे आणि घडाई पण एक नंबर, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार पुढं आहे. पुस्तिकेत लिहिलंय की लंबकाची झोल्याची रेघ 32 तासात पूर्ण गोल फिरते आणि चकतीवर तासाच्या खुणा पण त्याच हिशोबानं मारल्यात. आता हे 32 तास आहेत पॅरिसचे! फ्रान्सचे शास्त्रज्ञ फुको साहेबांनी 1851 मध्ये तिथल्या पँथिऑन नावाच्या मोठ्या घुमटाच्या इमारतीत 67 मीटर तारेला 28 किलोचा गोळा टांगून लोकांना दाखवला, तिथं रेघ तासाला 11 अंशाच्या थोडी वर सरकते. आमचं सोलापूर पडलं साडेसतरा अक्षांशाच्या आसपास, इथं हिशोब केला तर तासाला फक्त साडेचार अंश आणि पूर्ण गोलाला जवळपास 79 तास, म्हणजे तीन दिवस उलटून वर सात तास. दिल्लीत नव्या संसदेत 22 मीटरचा टांगलाय त्याला पण 50 तास लागतात. भारतात विकायचं तर निदान चकती तरी इथली द्या की राव.

पोरानं विचारलंच, पृथ्वी एकच आहे तर गावागावाला वेगळं का. त्याला जात्याचं सांगितलं. उत्तर ध्रुव म्हणजे जात्याचा मधला खुंटा, तिथं उभा राहिलास तर जागच्या जागी गिरकी घेशील, म्हणून तिथं 24 तासाला चार मिनिटं कमी एवढ्यात लंबकाचा गोल पूर्ण. विषुववृत्त म्हणजे गाडीच्या चाकाची धाव, तिथं चाकाबरोबर नुसता पुढं जातोस, गिरकी काही नाही, म्हणून तिथं लंबक रेघ सोडतच नाही. आपण त्या धावेकडं जास्त, खुंट्याकडं कमी. आणि फिरतो तो लंबक नाही बरं का, तो बिचारा आपल्या रेघेत यायचं जायचं बघतो, खालची फरशी फिरते आणि आपण फरशीवर उभे म्हणून आपल्याला लंबकच घड्याळाच्या काट्यासारखा सरकल्यागत दिसतो.

पहिल्या दिवशी माझा तर पार उलटा फिरला. तासाभरात 20 अंश आणि ते पण डावीकडं! पोरगा म्हणला पप्पा पृथ्वी उलटी झाली. दोष छताला लावायच्या आकड्याचा होता, तार त्यात एका बाजूला सैल एका बाजूला घट्ट बसते, मग वजन सरळ न जाता लांबट गोल काढायला लागतं आणि तो लांबट गोल स्वतःच वळत जातो, तार आखूड असली की जास्तच, पृथ्वीचं काम त्यात दिसतच नाही. पुस्तिकेत फुकोनं पण पहिला प्रयोग घराच्या तळघरात 2 मीटर तारेवरच केला असं मोठ्या कौतुकानं दिलंय, ते खरंय, पण त्याचं वजन 5 किलोचं होतं आणि पहिल्यांदा त्याची पण तार तुटलीच होती, ते नाही सांगितलं.

शेवटी एमआयडीसीत एका लेथवाल्याकडून तार चारी बाजूनं सारखी धरणारा चक करून घेतला, जुन्या घराच्या जिन्याच्या पोकळीत वरच्या तुळईला बसवला, तार आपली घेतली 6 मीटरची. सोडताना हातानं सोडायचं नाही, हात थरथरतो. वजन दोऱ्यानं मागं ओढून बांधायचं आणि पूर्ण निवांत झालं की दोरा काडीनं जाळायचा. सूत आमच्याकडं काय कमी आहे, लूमवाल्याच्या घरात. फॅन बंद, दार बंद, मे महिन्यात सोलापुरात हे म्हणजे काय ते तुम्हीच समजा, घामानं अंघोळ झाली. पण एका झोल्याला पाच सेकंद, शांत, बघत बसावं असं, आणि तासाभरानं खडूच्या रेघेपासून 5 अंश उजवीकडं!! आई खाली बसून शेंगा निवडत होती, ती पण उठून बघायला आली.

तर वजनाला पाच स्टार, छताच्या आकड्याला शून्य, एकूण अडीच. घर ठेंगणं असेल तर घेऊच नका. कंपनीला मेसेज टाकला की चकतीवर 32 चं इथल्या गावांप्रमाणं करा, सोलापूरला 79 लिहा. उत्तर आलं, सर तुमचा ऑर्डर नंबर पाठवा. पाठवलाय.